सुबाभूळ, घाणेरी आणि तो पाच लिटरचा कॅन

पत्र असं आहे:

"नमस्कार. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या कंपाउंडच्या आत अर्धा एकरभर उतार आमच्या मालकीचा आणि कंपाउंडपलीकडे थेट जंगल. दोन्हीकडे सुबाभूळ, घाणेरी आणि गिरिपुष्प माजलंय. तीन वर्षं आम्ही दर दिवाळीनंतर तोडतो आणि दर पावसाळ्यात ते दुपटीने उगवतं. कमिटीतल्या एका काकांनी गावाहून ग्लायफोसेट या तणनाशकाचा पाच लिटरचा कॅन आणलाय. माळ्याला पाठीवरचा पंप देऊन एकदाच सगळं मारून टाकू, भिंतीपलीकडचंही, म्हणजे बी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरे एक जण बुंध्याला भोक पाडून डिझेल ओता म्हणतात. मी सेक्रेटरी आहे, सही माझी लागणार. सोसायटीत लहान मुलं आहेत, कुत्री-मांजरं आहेत आणि पावसाळ्यात पाड्यावरच्या बायका याच उतारावर भाजी खुडायला येतात. औषध वापरायचंच झालं तर सुरक्षित कसं वापरावं?
— सेक्रेटरी, घोडबंदर रोड"

ताई, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि तो कॅन कुठे ठेवलाय ते बघून या. सोसायट्यांत अशा वस्तू हमखास पंपरूममध्ये पाण्याच्या टाकीशेजारी, नाहीतर वॉचमनच्या केबिनमध्ये त्याच्या जेवणाच्या डब्याला चिकटून सापडतात. तिथून काढा आणि कुलपात ठेवा, मूळ कॅनमध्ये, लेबलसकट. माळ्याला "जरासं" पाण्याच्या बाटलीत काढून द्यायचा प्रकार तर अजिबात नको. तहानेच्या भरात बाटली तोंडाला लावणारा माणूस वास घेत बसत नाही.

कॅन हातात आहेच तर लेबलही वाचा. काका ग्लायफोसेट म्हणतात, पण दुकानात नुसतं "तणनाशक द्या" म्हटलं की कधीकधी पॅराक्वाट हातात पडतं. ते निघालं तर विषय तिथेच संपवा. पॅराक्वाटला उतारा नाही, घोटभर पोटात गेलं तरी माणूस वाचवणं कठीण. शिवाय ते फक्त वरची पानं जाळतं, मुळापर्यंत उतरत नाही. म्हणजे सुबाभूळ पुन्हा फुटणारच. टू-फोर-डी नावाचं तणनाशक असेल तर त्याच्या काही प्रकारांची वाफ वाऱ्याबरोबर दूर जाते. तुमच्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीतली टोमॅटोची पानं वाकडी झाली की भांडण थेट तुमच्या दारात येईल.

ग्लायफोसेटच आहे असं धरून पुढे बोलतो.

तुम्ही विचारलंत औषध कसं वापरावं. पण माझ्या मते पहिला प्रश्न जमीन कोणाची हा आहे. भिंतीपलीकडचा उतार संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा असेल तर काकांना एकच वाक्य सांगा: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तिथे वन्यजीवांना अपाय करू शकणारं कुठलंही रसायन वापरायला मनाई आहे. हेतू कितीही चांगला असो, पंप घेऊन पलीकडे उतरलात की तो गुन्हा. पलीकडची घाणेरी हा वनविभागाचा विषय. येऊरच्या वन परिक्षेत्र कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि श्रमदानाची तयारी दाखवा. रसायनाची बाटली घेऊन आलेल्या लोकांपेक्षा कुदळ घेऊन आलेल्या लोकांना तिथे जास्त दाद मिळते.

आतल्या अर्ध्या एकराचाही कागद पाहा. प्रॉपर्टी कार्ड आणि सात-बारा दोन्ही काढा. या पट्ट्यात काही जमिनींवर "खासगी वन" असा शेरा असतो, आणि बिल्डरने ब्रोशरमध्ये "हिल गार्डन" छापलं म्हणून तो शेरा पुसला जात नाही. 2016 साली उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टाही जाहीर झाला, त्यात तुमचा उतार येतो का तेही विचारून घ्या. यातलं काहीच लागू नसलं, तरी शहरी भागातल्या झाडांसाठीचा 1975 चा राज्याचा कायदा आहेच. त्यात झाड "तोडणं" म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यातच मोडतं. बुंध्याला भोक पाडून काही ओतणं त्यातच आलं. तेव्हा सुबाभळीच्या मोठ्या झाडांसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी, बाकीचं सगळं नंतर. झाड परकं आहे, उपद्रवी आहे, हे अर्जात लिहा. अर्ज टाळायची सबब म्हणून ते चालणार नाही.

आता झाडांकडे वळू. तुम्ही तिन्ही एका दावणीला बांधलीत, पण तिघांचे स्वभाव वेगळे.

घाणेरीला, म्हणजे टणटणीला, औषध लागतच नाही. हे मी ठासून सांगतो. 1809 च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप आता देशभर पसरलंय, कारण बुलबुलांना त्याची फळं आवडतात आणि आपल्याला ते चुकीच्या जागी तोडायची सवय आहे. जमिनीपासून वीतभर वर कोयता मारला की बुंध्यातून दहा धुमारे येतात. फुटवे फुटण्याची जागा खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे, मातीच्या अगदी वरच्या थरात असते. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून सोपी रीत बसवली: बुंध्याभोवतीची माती थोडी बाजूला करायची, तीन ते पाच सेंटिमीटर खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं. उलटं अशासाठी की फांदी ओल्या मातीला टेकली तर पुन्हा मूळ धरते. तीन वर्षं दिवाळीनंतर कोयता चालवून तुम्ही घाणेरीची छाटणीच करत होतात, हे ऐकून राग येईल, पण तेच झालंय. हातमोजे घाला, काटे वाईट असतात. आणि काढलेल्या ढिगाला काडी लावू नका. येऊरला उन्हाळ्यात वणवे लागतात, त्यात भर नको.

गिरिपुष्पाबद्दल माझं मत जरा मवाळ आहे. त्याची बी आणि साल उंदीर मारायला वापरायचे म्हणून "उंदीरमारी" हे नाव पडलं. उघडे डोंगर झटपट हिरवे करायच्या नादात ते जागोजागी लावलं गेलं. तोडलं की तेही फुटतं, पण सावली त्याला फारशी मानवत नाही. वर्षातून दोन-तीनदा धुमारे हाताने मोडत राहिलात आणि शेजारी करंज, ऐन, पांगारा वाढू दिलात तर चार-पाच वर्षांत ते दबतं. मोडलेला पाला तिथेच आळ्यात टाका, नत्राचं चांगलं खत होतं. आपल्याला घाई असते म्हणून औषध आठवतं. गिरिपुष्पासाठी मी तरी कॅन उघडणार नाही.

उरली सुबाभूळ, खरी डोकेदुखी तीच. सामाजिक वनीकरणाच्या काळात चारा, सरपण, खत असं सगळं देणारं झाड म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते खोटंही नव्हतं. पण बी कडक सालीचं असतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि तोडलेल्या खुंटातून माणसाच्या उंचीचे फुटवे एका पावसाळ्यात येतात. अंगठ्याएवढी रोपं पहिल्या पावसानंतर, माती मऊ झाली की, मुळासकट हाताने उपटता येतात. मनगटाहून जाड झालेलं झाड मात्र उपटत नाही, आणि तुमच्या उतारावर ते खणून काढणं मी सुचवणारही नाही. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुळं उपसलेला, भुसभुशीत केलेला उतार जुलैमध्ये तुमच्या पार्किंगमध्ये उतरेल. खुंट जागेवर राहायला हवा, मुळांनी माती धरून ठेवायला हवी, आणि तरी फुटवे यायला नकोत. एवढ्या एका अडचणीसाठी तणनाशकाला जागा आहे, पण तेही पंपात भरून नाही, ब्रशने.

फवाऱ्याचा मला इतका तिटकारा का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बदलापूरजवळ एका मित्राच्या वाडीत बांधावरचं गवत मारायला मी स्वतः पंप पाठीवर घेतला होता. सकाळ शांत होती. नऊनंतर वारा सुटला आणि मी "एवढंच उरलंय" म्हणत राहिलो. पंधरा दिवसांनी शेजाऱ्याच्या आंब्याच्या दोन कलमांची पालवी पिवळी पडून वाळली. शेजारी सज्जन, काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. ग्लायफोसेट निवड करत नाही. ज्या हिरव्या पानावर पडेल तिथून ते खाली मुळापर्यंत, कंदापर्यंत उतरतं. तुमच्या उतारावर जूनमध्ये शेवळं, म्हणजे कंदातून उगवणारी ती रानभाजी, येत असणार. पानं हिरवी असताना त्यांच्यावर फवारा पडला तर वरचं पानच नाही, खालचा कंदही जाईल. टाकळा, कुरडू, फोडशी यांचंही तेच. आणि फवारलेला टाकळा दुसऱ्या दिवशीही ताजाच दिसतो, हे त्या भाजी खुडणाऱ्या बायकांना कोण सांगणार?

शिवाय उतारावरचं पाणी शेवटी खाडीला मिळतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे ते सहज वाहून जात नाही हे खरं. पण माती स्वतःच वाहून गेली तर? आणि औषध पानाला चिकटावं म्हणून त्यात जे साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं ते बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना मूळ औषधापेक्षाही जड जातं. ग्लायफोसेट वनस्पतींमधली अशी एक प्रक्रिया रोखतं जी माणसात नसतेच, म्हणून ते निर्धोक, असं दुकानदार सांगतो. पहिला भाग बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ते "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मत वेगळं आहे, युरोपने 2023 मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची परवानगी दिली. तज्ज्ञांचं भांडण मिटेपर्यंत आपल्या माळ्याचे हात कोरडे ठेवावेत, एवढं आपल्या हातात आहे.

माळी म्हटल्यावर कायद्याची आणखी एक गोष्ट. 25 ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावं असं बंधन घातलं. म्हणजे काकांनी नाही, माळ्याने नाही, रविवारी उत्साहाने जमलेल्या मंडळींनी तर नाहीच. परवानाधारक ऑपरेटर बोलवा, परवान्याची प्रत फाइलला लावा, आणि तुमच्या सहीच्या कागदावर त्याचीही सही घ्या. पण तो झुरळं-वाळवीवाला माणूस, त्याला झाडाच्या खुंटाचं काम ठाऊक असेलच असं नाही. म्हणून ते कसं व्हायला हवं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

दिवस ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर निवडा. पाऊस थांबलेला, झाड हिरवं, आणि रस पानांकडून मुळांकडे उतरत असलेला. पावसाळ्यात लावलं तर वाहून जाईल, आणि भर उन्हाळ्यात झाड अर्धवट झोपेत असतं, औषध खाली ओढतच नाही. झाड जमिनीलगत, चार बोटं ठेवून, सपाट कापायचं. तिरकं कापलं तर औषध ओघळतं. खुंटावरचा भुसा झटकायचा. मग लगेच लावायचं, पाच-दहा मिनिटांच्या आत. सगळी झाडं सकाळी तोडून दुपारी एकदम औषध लावू हा हिशेब कामाचा नाही, तोवर कापलेली जागा सुकून बंद होते. एक जण कापणारा, एक जण लावणारा, असंच हे काम चालतं.

लावायचं कुठे? पूर्ण खुंटावर ओतायचं नाही. मधलं लाकूड मेलेलंच असतं, तिथे औषध वाया जातं. सालीच्या आत जी ओली कड असते, साल आणि लाकूड यांच्यामधली, तेवढ्याच कडेला गोल ब्रश फिरवायचा. मनगटाएवढ्या खुंटाला चमचाभर पुरतं. खुंटांच्या कामात 41 टक्क्यांचं ग्लायफोसेट साधारण निम्मं पाणी घालून वापरतात, पण लेबलवर जे लिहिलंय त्याच्या पुढे जायचं नाही. पाणी स्वच्छ हवं. गढूळ किंवा बोअरचं जड पाणी औषधाला निम्मं मारून टाकतं. मिश्रणात थोडी नीळ किंवा रंग घाला, कुठला खुंट झाला आणि कुठला राहिला ते लांबून दिसतं, मुलांनाही "निळ्याला हात नाही" हे चटकन कळतं. हिशेब केलात तर दीडशे खुंटांना लिटरभर मिश्रणही लागत नाही. पाच लिटरच्या कॅनचं ओझं कशाला वागवायचं?

ज्याच्या हातात ब्रश आहे त्याला रबरी हातमोजे हवेत, कापडी नाहीत, कापड औषध पिऊन दिवसभर कातडीला लावत बसतं. पूर्ण बाह्या, गमबूट, डोळ्याला चष्मा. मध्येच तंबाखू मळायची नाही, चहा प्यायचा नाही. 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना शेतकरी दगावले ती कीटकनाशकं होती, ग्लायफोसेट नव्हे. पण उघडे हात, भिजलेले कपडे आणि "काही होत नाही" हे सगळं तेच होतं. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, 108 ला फोन लावा आणि कॅन लेबलसकट डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. त्या दिवसाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत.

डिझेलवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. परदेशात काही तणनाशकं डिझेलमध्ये मिसळून सालीवर लावतात, तिथून ही गोष्ट फिरत आली असावी. पण नुसतं डिझेल म्हणजे मातीत आणि खालच्या बोअरवेलमध्ये तेल मुरवणं. मीठ ओतलंत तर तिथे नंतर कारवीही येणार नाही. शेजाऱ्याच्या नारळात हिंग भरून तो मारायची गोष्ट आपण सगळ्यांनी आजोळी ऐकलीय, तीही या यादीत जमा करा. आणि कुठल्याही कारणाने उभं झाड मारू नका. वाळकं उभं झाड कधी ना कधी पडतं, आणि सोसायटीत ते कोणाच्या तरी गाडीवरच पडतं.

तोडलेल्या सुबाभळीचा पाला, औषध लावण्याआधीचा, जवळ कोणाच्या बकऱ्या असतील तर द्या, त्या आनंदाने खातील. घोड्याला देऊ नका, त्यातल्या मायमोसिन या विषारी द्रव्याने आयाळ-शेपटीचे केस गळतात. येऊरच्या रस्त्याला घोडे फिरवणारे दिसतात म्हणून सांगितलं.

एका हंगामात अर्धा एकर संपवायचा हट्ट करू नका. यंदा वरचा तिसरा हिस्सा घ्या. पुढच्या जूनमध्ये तिथे सुबाभळीच्या रोपांचा गालिचा उगवेल, घाबरू नका, ते मातीतलं जुनं बी आहे. एक रविवार ठरवा, मुलांना बोलवा आणि उपटा. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. हे काम तीन-चार वर्षं चुकवायचं नाही, नाहीतर ब्रशचा खर्च पाण्यात. मोकळ्या झालेल्या जागी लगेच काही लावायची घाईही नको. शेजारी जंगल आहे, सावली हटली की कुडा, आपटा, पळस आपणहून डोकं वर काढतात. कारवीची जुनी ठोंबं असतील तर तीही. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते; येऊरला ती 2016 आणि 2024 मध्ये फुलली, पुढची पाळी 2032 ची. तोवर उतार तयार ठेवा.

आणि काम सुरू करण्याआधी पाड्यावरच्या त्या बायकांना एकदा उतारावर बोलवा. शेवळं कुठे येतात, फोडशी कुठल्या दगडाजवळ, ते त्यांना तोंडपाठ असतं. त्या दाखवतील तिथे चुन्याने खूण करा, त्या जागेच्या आसपास ब्रशही न्यायचा नाही असं ऑपरेटरला लिहून द्या. जूनमध्ये शेवळं मिळाली तर काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालून शिजवायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो.

कॅनमध्ये उरेल ते ऑपरेटरच्या ताब्यात द्या आणि पावती घ्या. गटारात ओतू नका, काकांना परतही देऊ नका.